निम्मी रक्कम आधी मागणारा ठेकेदार: भरवसा कशावरून ठेवायचा?

प्रश्न: आमचं मानेवाडा भागातलं घर १९९४ चं आहे, तळमजला आणि वर गच्ची. दोन्ही बाथरूम नव्यानं करायच्या आहेत, स्वयंपाकघराचा ओटा बदलायचा आहे, हॉल आणि जेवणाच्या खोलीमधली भिंत काढायची आहे आणि गळणाऱ्या गच्चीचा बंदोबस्तही करायचा आहे. हॉलच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेगही गेली आहे. दोन ठेकेदारांचे भाव आले. एकाचा ६ लाख २० हजार, एका ओळीत, ‘सगळं त्यात आलं’. निम्मे पैसे आधी दिले तर सोमवारपासून लागतो म्हणतो. त्याच्या मोबाइलमधले फोटो फार सुंदर आहेत. दुसऱ्याचा ८ लाख ४० हजार, तीन पानी यादी, पण एप्रिलच्या पहिल्या आठवड्याआधी तो येऊ शकत नाही. आम्ही दोघंही निवृत्त, यातलं फारसं कळत नाही. मुलगा पुण्यात असतो, तो म्हणतो मी व्हिडिओ कॉलवर लक्ष ठेवतो. कोणावर भरवसा ठेवावा?
एक वाचक, नागपूर (फेब्रुवारीत आलेलं पत्र)

उत्तर:

नमस्कार.

आधी थेट सांगतो. पहिल्या ठेकेदाराला निम्मी रक्कम देऊ नका, तो माणूस म्हणून कितीही भला वाटला तरी. दुसऱ्याकडे आमचा कल आहे, पण तीन पानी यादी दिली एवढ्यावर त्यालाही होकार देऊ नका. दोघांचीही पारख दोनच ठिकाणी होते: त्यांच्या आज चालू असलेल्या साइटवर आणि पैशाच्या टप्प्यांवर बोलणं निघतं तेव्हा. पूर्ण झालेल्या घराच्या फोटोत टाइल्स, दिवे आणि रंग दिसतो. घर ज्यामुळे पुढे त्रास देतं ते सगळं टाइल्सच्या आणि रंगाच्या मागे असतं.

निम्मे पैसे आधी का मागितले जातात ते समजून घ्या. तुमच्यासारख्या कामात पहिल्या पंधरवड्यात होते ती तोडफोड, मलबा उचलणं आणि पाइप-वायरिंगसाठी भिंतींत खाचा मारणं. यात मजुरी जाते, माल फारसा लागत नाही. ३ लाख १० हजारांचा खर्च तिथे निघतच नाही. मग हा पैसा बहुतेक वेळा आधीच्या साइटवर जातो: तिथल्या टाइल्स मिस्त्रीचा थकलेला चुकारा, हार्डवेअरवाल्याची उधारी. तुमच्या पैशानं मागचं घर पूर्ण होतं आणि तुमचं पूर्ण व्हायला पुढचा कोणी ॲडव्हान्स देणारा भेटावा लागतो. तो भेटेपर्यंत तुमच्याकडे एक मिस्त्री आणि एक रेजा (मजूर बाई) येतात, थोडं काम करतात आणि दुपारी निघून जातात. असा ठेकेदार लबाडच असतो असं नाही, अनेकदा तो झेपतील त्यापेक्षा जास्त कामं घेऊन बसलेला असतो. पण फोडलेल्या बाथरूममध्ये दिवस काढणाऱ्या माणसाला त्यानं काय फरक पडतो?

‘सोमवारपासून लागतो’ हेही जरा तपासा. फेब्रुवारी ते मे हा नागपुरात दुरुस्तीच्या कामांचा भर. पावसाआधी गच्ची आणि बाहेरची कामं उरकायची सगळ्यांनाच घाई असते. या दिवसांत चांगली गँग रिकामी बसलेली सहसा नसते. त्याला विचारा, ही माणसं आज कोणत्या साइटवर आहेत आणि ती साइट शनिवारपर्यंत खरंच संपतेय का. पत्ता मागा, जाऊन पाहा.

आता ६ लाख २० हजार आणि ८ लाख ४० हजार. या दोन आकड्यांची तुलना आज करताच येत नाही, कारण ते एकाच कामाचे आकडे नाहीत. तुमची स्वतःची एक यादी करा, मोजमापासह, आणि दोघांनाही त्याच यादीवर भाव भरायला सांगा. मापं काढणं अवघड नाही. समजा बाथरूम ७ बाय ५ फूट आहे आणि टाइल्स ७ फूट उंचीपर्यंत हव्यात. चारही भिंतींची लांबी २४ फूट, गुणिले ७ म्हणजे १६८ चौरस फूट. अडीच बाय सातचा दरवाजा वजा केला की राहिले साधारण १५०. जमीन ३५. एकूण १८५, त्यात तुटफूट आणि कटिंगचे १० टक्के धरले की २०४. कोणी २६० लावले असतील तर का, ते विचारा. उत्तर देता येतं की चिडतो, यावरूनही बरंच कळतं.

एका ओळीच्या भावातून काय काय गळतं ते ठरलेलं आहे. मलबा उचलून नेणं, भिंत काढल्यावर वर द्यावा लागणारा आधार, नळ-कॉक-कमोड, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, वायरिंगचा नवा डीबी (स्विच-फ्यूजची मुख्य पेटी), दरवाजाची चौकट, कामासाठी लागणारं पाणी, आणि जीएसटी. कामाच्या ठेक्यावर जीएसटी १८ टक्के, म्हणजे ८ लाख ४० हजारांवर १ लाख ५१ हजार २००. तो धरून की सोडून, हे दोघांकडूनही लेखी घ्या. मलब्याचं तर आधीच ठरवा, कारण तो रस्त्यावर पडून राहिला की महापालिकेचं उपद्रव शोध पथक दंडाची पावती तुमच्या दारात फाडतं, ठेकेदाराच्या नाही.

यादीत ‘बेस्ट क्वालिटी’, ‘ब्रँडेड’ किंवा ‘लागेल तसं’ असे शब्द दिसले की तिथे काट मारा आणि वस्तू लिहायला लावा. गरम पाण्याच्या लाइनला सीपीव्हीसी पाइप. दिव्यांना १.५ चौरस मिमी, पॉवर प्लगला २.५, गीझर आणि एसीला ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, सोबत डीबीमध्ये ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). ओट्याखालच्या कपाटांना आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का असलेलं प्लायवुड, कारण सिंकखाली पाणी झिरपतं आणि आयएस ३०३ चं साधं एमआर प्लाय तिथे फुगतं. कंपनीचं नाव लिहायचं, आणि ते न मिळाल्यास पर्याय कोणता, तेही. दुसऱ्या ठेकेदाराच्या तीन पानांत एवढा तपशील आहे का ते बघा. ‘वॉटरप्रूफिंग: एकूण’ अशी एकच ओळ असेल तर त्याच्या तीन पानांत आणि पहिल्याच्या एका ओळीत फार अंतर नाही.

आता साइटवर चला. यासाठी दोन सकाळी राखून ठेवा, बाकी सगळ्या चौकशीपेक्षा याचा उपयोग जास्त. दोघांकडूनही चालू कामांचे पत्ते घ्या, त्या घरमालकांची परवानगी घ्या आणि वेळ तुम्ही ठरवा. शक्यतो अशी साइट मागा जिथे बाथरूमला अजून टाइल्स लागलेल्या नाहीत.

आत शिरल्यावर आधी रेती बघा. आपल्याकडे कन्हान नदीची रेती म्हणून जे काही येतं त्यात गाळ किती आहे, हे घरच्या बाटलीत कळतं. पारदर्शक बाटलीत १० सेंमी रेती भरा, वर पाणी आणि चिमूटभर मीठ टाका, खळखळून हलवा आणि तीन तास ठेवून द्या. रेतीवर गाळाचा जो मऊ थर बसतो तो ८ मिमीपेक्षा जाड असेल तर ती रेती छपाईला, म्हणजे प्लास्टरला, नको. छपाईला बारीक भेगा पडतात, पोपडे निघतात, त्यामागे सिमेंटपेक्षा हा गाळ जास्त वेळा असतो. सिमेंटच्या गोणीवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी, किंवा जमिनीवर भिंतीला टेकवून रचलेल्या गोण्या, ही निष्काळजीची खूण. फळ्यांवर रचून वर ताडपत्री झाकलेली असेल तर हा माणूस मालाची किंमत जाणतो.

मग मसाला, म्हणजे सिमेंट-रेतीचं मिश्रण, कुठे कालवतात ते पाहा. पत्र्यावर किंवा स्वच्छ फरशीवर कालवत असतील तर ठीक. उघड्या मातीवर कालवत असतील तर माती मसाल्यात जाणारच. घमेलं मोजून टाकतात की फावड्यानं अंदाजे? आतल्या छपाईला ४ घमेली रेतीला १ सिमेंट असं प्रमाण ठरलं असेल, तर १२ मिमी जाडीच्या १०० चौरस फुटांना साधारण एक गोणी लागते. एवढं लक्षात ठेवलंत तरी तुमच्या घरी ६०० फूट छपाईत तीनच गोण्या संपल्या तर काय झालं ते विचारता येईल. आणि एक गोष्ट खास बघा: जेवणाची सुट्टी झाल्यावर सकाळचा घट्ट झालेला मसाला पुन्हा पाणी टाकून वापरतात का. सिमेंट अर्ध्या तासानंतर धरायला लागतं. धरलेला मसाला पाण्यानं मऊ होतो, पण त्याची ताकद परत येत नाही. हे साइटवर चालतंय आणि कोणी टोकत नाही, म्हणजे देखरेख नाही.

विटा लाल असतील तर त्या लावण्यापूर्वी भिजवलेल्या हव्यात, नाहीतर त्या मसाल्यातलं पाणी शोषून घेतात आणि सांधा पोकळ राहतो. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतल्या राखेमुळे आपल्याकडे फ्लाय ॲशच्या विटा भरपूर चालतात. त्यांवर पाणी शिंपडलं की पुरतं. मिस्त्रीला हा फरक विचारा. भिंतीत पाइपसाठी मारलेल्या खाचा उभ्या आहेत की लांबच लांब आडव्या, तेही बघा. साडेचार इंची भिंतीत आडवी लांब खाच म्हणजे भिंत तिथे कापल्यासारखी होते. खाच भरल्यावर आणि कॉलम-भिंतीच्या सांध्यावर छपाईआधी चिकन मेश (तारेची जाळी) ठोकलेली हवी, ती नसली की वर्षभरात तिथेच रेघ उमटते.

बाथरूम हा सगळ्यात मोठा पेपर. नीट काम करणारा ज्या क्रमानं जातो तो असा. जुना कोबा, म्हणजे फरशीखालचा थर, स्लॅबपर्यंत काढतो, स्लॅब घासून स्वच्छ करतो. पाइपलाइन टाकली की टोकं बंद करून पंपानं दाब देतो आणि काटा खाली येतो का ते बघतो, हे भिंत बुजवण्याआधी. स्लॅबमधून जाणाऱ्या पाइपभोवती आणि नाहणी ट्रॅपभोवती (जमिनीतलं पाणी जायचं तोंड) न आकसणारा ग्राउट (फटी भरायचा मसाला) भरतो, कारण दहापैकी बहुतेक गळत्या स्लॅबच्या मधोमध नसून या गोल फटीतच असतात. भिंत आणि जमिनीच्या कोपऱ्याला मसाल्यानं गोलाई देतो, म्हणजे लेप काटकोनात चिरत नाही. मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, भिंतीवर किमान फूटभर आणि शॉवरच्या बाजूला ६ फुटांपर्यंत. वाळल्यावर ट्रॅपला बूच लावून पाणी साठवून ठेवतो, किमान ४८ तास, भिंतीवर पेन्सिलनं पातळीची रेघ मारून. खाली खोली असेल तर तिथे ओल आली नाही आणि पातळी उतरली नाही, तरच पुढचा कोबा. उताराला ४ फुटांत अर्धा इंच पुरतो, फक्त तो ट्रॅपकडेच हवा.

तुमच्या ठेकेदाराला एवढंच विचारा: ‘तुम्ही बाथरूममध्ये पाणी किती वेळ ठेवता आणि टाइल्सआधी की नंतर?’ टाइल्स लावल्यावर पाणी ठेवणाऱ्याला गळती सापडली तरी तो काय फोडणार? चालू साइटवर बूच लावलेला ट्रॅप आणि पेन्सिलची रेघ दिसली, तर आमच्या लेखी तो वीस फोटोंपेक्षा मोठा दाखला.

टाइल्स लागलेल्या असतील तर काठीनं किंवा नाण्यानं ठोकून ऐका. कोपऱ्यांत ठोस आणि मधे भदभद आवाज आला, की मागे सिमेंटचे चार-पाच गोळे लावून टाइल दाबली आहे. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे साध्या सिमेंटनं तिची पकड नीट बसत नाही. तिला आयएस १५४७७ चा टाइप २ चा चिकट मसाला खाचेच्या थापीनं पूर्ण पाठीवर पसरून लावावा लागतो. हा मसाला महाग पडतो, म्हणून स्वस्त भावात सगळ्यात आधी इथेच कात्री लागते.

साइटवरच्या माणसांशीही दोन शब्द बोला. टाइल्स मिस्त्रीला विचारा, या ठेकेदाराकडे किती वर्षं आहेस, आठवड्याचा चुकारा वेळेवर होतो का. तीच तीच माणसं चार-पाच वर्षं टिकून असतील तर ठेकेदार पैसे बुडवत नाही. ठिय्यावरून दर दोन दिवसांनी नवे मजूर आणत असेल तर तुमच्या बाथरूमचा क्रम कोण लक्षात ठेवणार? तो जिथून माल घेतो त्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन नळ बघायच्या निमित्तानं त्याचं नाव काढा. दुकानदाराचा चेहरा पुरेसं सांगतो.

भिंत आणि भेग, हे दोन प्रश्न तुम्ही आपोआपच परीक्षेसाठी तयार ठेवलेत. १९९४ च्या तळमजल्याच्या घरात कॉलम-बीमचा सांगाडा असेलच असं नाही. अनेक घरं ९ इंची भिंतींवरच स्लॅब टाकून उभी आहेत. तुमची ती भिंत स्लॅब उचलून धरत असेल तर ती काढणं म्हणजे घरच पाडणं. जो ठेकेदार भिंतीवर हात थोपटून ‘काढून टाकू, काही होत नाही’ म्हणाला असेल, त्याला इथेच बाद करा. योग्य माणूस जुना नकाशा मागतो, भिंतीची जाडी मोजतो, वरच्या बाजूला छपाई सोलून बीम आहे का ते बघतो आणि तरीही म्हणतो की स्ट्रक्चरल इंजिनिअरचा कागद आणा. नुसत्या अंतर्गत दुरुस्तीला महापालिकेची परवानगी सहसा लागत नाही, पण सांगाड्याला हात लावायचा असेल तर या कागदाशिवाय पाऊल टाकू नये. इंजिनिअर तुमचा हवा, ठेकेदाराचा नको.

खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग काळ्या मातीच्या भागात नेहमी दिसते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया तिच्याबरोबर हलतो. भेगेवर ‘पुट्टी मारून देतो’ म्हणणारा ठेकेदार तुमच्याकडून एका दिवाळीचे पैसे घेतो, पुढच्या उन्हाळ्यात ती परत उघडते. भेग वर्षातून उघडते-मिटते का, घराभोवतीचं पाणी कुठे मुरतं, नळाची किंवा गटाराची लाइन पायाजवळ गळते का, असं विचारणारा माणूस ओळखा. तोवर तुम्ही भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख लिहून ठेवा, इंजिनिअरला ती उपयोगी पडेल.

जुन्या ग्राहकांचे नंबर सगळेच देतात आणि ते सगळे कौतुकच करतात. म्हणून तुम्ही कोणते मागायचे ते ठरवा: एक जण ज्याच्या कामावरून दोन पावसाळे गेले आहेत, आणि एक जण जिथे काहीतरी बिघडलं होतं. दुसरा नंबर द्यायला ठेकेदार तयार झाला तर ती जमेची बाजू, कारण बिघाड कोणाच्याही कामात होतो, नंतर फोन उचलला का हाच प्रश्न असतो. ग्राहकाला ‘काम चांगलं झालं का’ असं विचारू नका. शेवटच्या बारीकसारीक कामांना किती आठवडे लागले, वाढीव बिल किती आलं आणि ते काम करण्यापूर्वी सांगितलं की नंतर, एवढं विचारा.

जीएसटी नंबर दिला असेल तर जीएसटीच्या संकेतस्थळावर करदाता शोधण्याची सोय सगळ्यांना खुली आहे. नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू की रद्द, विवरणपत्रं भरली की नाही, सगळं दिसतं. महाराष्ट्राचा नंबर २७ नं सुरू होतो, आणि सहावं अक्षर इंग्रजी पी असेल तर नोंदणी एका व्यक्तीच्या नावावर आहे. त्यामुळे व्हिजिटिंग कार्डावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लिहिलेलं असेल तर खुलासा मागा. नंबर नसणं हा दोष नाही, २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या ठेकेदाराला नोंदणीची सक्ती नाही. नंबर नसताना जीएसटी लावणं हा मात्र दोष आहे. वायरिंगच्या माणसाचा विद्युत परवानाही मागा, उद्या एसीसाठी महावितरणकडून भार वाढवून घ्यायचा झाला तर परवानाधारकाचा टेस्ट रिपोर्ट लागेल.

आता पैसे. नियम एकच: दिलेली रक्कम झालेल्या कामाच्या पुढे कधीही जाऊ नये. ठेकेदाराला सुरुवातीला खेळतं भांडवल लागतं हे खरं, त्यासाठी १० टक्के पुरेत. ८ लाख ४० हजारांचे टप्पे असे पाडता येतील. करारावर सही होऊन पहिला माल दारात आला की ८४ हजार. तोडफोड होऊन मलबा उचलला आणि खाचा मारून झाल्या की १ लाख २६ हजार. पाइपचा दाब तपासून आणि बाथरूममध्ये पाणी साठवून दाखवलं की १ लाख ६८ हजार. छपाई आणि टाइल्स झाल्यावर पुन्हा १ लाख ६८ हजार. ओटा आणि गच्ची पूर्ण झाल्यावर १ लाख २६ हजार. रंग आणि वायरिंगची जोडणी झाल्यावर ८४ हजार. उरलेल्या ८४ हजारांपैकी निम्मे तुम्ही काढलेल्या दोषांची यादी मिटवल्यावर, आणि ४२ हजार सप्टेंबरअखेर, पावसाळा अंगावर घेऊन गच्ची आणि बाथरूम कोरड्या राहिल्यावर. भिंत काढायची ठरली तर तिचा हिशेब वेगळा लिहा. तारखेवर पैसे कधीच बांधू नका, ‘१५ तारखेला दुसरा हप्ता’ असं लिहिलं की काम मागे आणि हप्ता पुढे जातो. शेवटच्या ४२ हजारांवर कुरकुर होईलच. वाटल्यास ३० वर या, पण शून्यावर येऊ नका. पहिल्या ठेकेदारापुढेही हेच टप्पे ठेवून बघा. त्यानं मान्य केले आणि मोजमापाच्या यादीवर भाव भरला, तर तोही विचारात घेण्यासारखा आहे.

पैसे खात्यावरच द्या आणि खातं करारातल्याच नावाचं हवं. करार स्टॅम्प पेपरवर करा, त्याला मोजमापाची यादी जोडा आणि प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या. मधेच तुम्ही काही बदललं, आणि बदलालच, तर त्याचा भाव काम करण्यापूर्वी मेसेजवर ठरवा. दोन्ही बाथरूम एकदम फोडायच्या नाहीत, एक पूर्ण चालू झाल्यावरच दुसरी, हेही लिहून घ्या. या वयात तुमच्यासाठी हे कलम फार महत्त्वाचं आहे. वाद झालाच तर महारेराकडे (बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) जाऊन उपयोग नाही, स्वतःच्या घराची दुरुस्ती त्या कायद्याच्या बाहेर आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंत रक्कम दिली असेल तर शुल्क नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोला. तिथे करार, खात्यावरचे व्यवहार आणि तारखेसह काढलेले फोटो हेच कामी येतात.

दुसऱ्या ठेकेदाराची एप्रिलची तारीख आम्हाला खटकत नाही. होळीला गावी गेलेले बालाघाट-छिंदवाड्याकडचे मजूर तोवर परतलेले असतात. फक्त त्याला सुरुवात गच्चीपासून करायला सांगा आणि वरच्या हप्त्यांचा क्रमही तसा बदला. पाऊस साधारण जूनच्या मध्यावर येतो, गच्चीचा कोबा आणि त्यावर ७२ तास पाणी साठवणं मेअखेर उरकायला हवं. जुन्या कोब्यावरच नवा कोबा चढवतो म्हणाला तर नकार द्या, स्लॅबवर वजन वाढतं आणि खालची ओल आतच अडकते. मेच्या ४५ अंशांत सकाळी मारलेली छपाई दुपारपर्यंत पांढरी पडते, म्हणून कोबा आणि छपाई सकाळी लवकर, आणि तराई (पाणी मारून ओलं ठेवणं) सात दिवस, दिवसातून तीन-चार वेळा, उन्हाच्या बाजूला ओली पोती टांगून. हे पाणी कोण मारणार आणि नळाचं पुरलं नाही तर टँकर कोणाचा, हे यादीत घाला. ‘घरच्यांनी मारायचं’ असं गृहीत धरलं जातं, आणि तुम्ही दोघांनी मे महिन्यात शिडीवर चढू नये अशी आमची कळकळीची विनंती आहे.

मुलाच्या व्हिडिओ कॉलनं धीर येईल, पण टाइलचा पोकळ आवाज, मसाल्यातली रेती आणि उताराचा अर्धा इंच त्यावर कळत नाही. त्यापेक्षा त्यानं नागपुरातलाच एखादा सिव्हिल इंजिनिअर भेटीच्या हिशेबानं ठरवावा, ज्याचा या ठेकेदाराशी संबंध नाही. रोज यायची गरज नाही. भिंतीचा निर्णय घ्यायच्या दिवशी, पाइपचा दाब तपासताना, प्रत्येक बाथरूममध्ये पाणी साठवल्यावर ४८ तासांनी, पहिल्या दिवशीच्या छपाईला, पहिल्या ५० टाइल्स लागल्यावर, गच्चीवर पाणी साठवलेलं असताना आणि शेवटच्या दोषांच्या यादीला, एवढ्या वेळा तो आला म्हणजे झालं. पुढचा हप्ता त्याच्या होकारानंतरच सुटेल, हे करारात लिहा आणि सही करण्यापूर्वी ठेकेदाराला वाचून दाखवा.